जिभेचं परसदार

मांडीचं हाड मोडलं आणि आजी अंथरुणाला खिळली. घरात आम्ही पाळ्या लावून घेतल्या होत्या. सकाळी अंग पुसणं, पाठीला पावडर, केसांना तेल, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं घड्याळाच्या काट्यावर चाले. कवळी तेवढी काढून डबीत ठेवून दिली होती, कारण झोपून खाताना ती हलायची आणि हिरड्यांना लागायची. दात नाहीत, मग घासायचं तरी काय, असं आमच्यातल्या प्रत्येकाने मनाशी ठरवून टाकलं होतं. जेवणानंतर दोन घोट पाणी पाजलं की तोंडाचं काम संपलं.

एका सकाळी ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरांनी मोबाइलची बॅटरी लावायला सांगितली आणि म्हणाल्या, "आजी, आ करा बघू. जीभ बाहेर काढा." आजीने जीभ काढली. पुढचा शेंडा बरा होता. मागे मात्र पातेल्याच्या तळाला धरलेल्या खरवडीसारखा पिवळट तपकिरी थर चिकटून बसला होता. सिस्टरांनी बोटाला गॉज गुंडाळला, कोमट पाण्यात बुडवून पिळला आणि मागून पुढे, अगदी हलक्या हाताने, चार-पाच वेळा जीभ पुसली. गॉज पिवळा झाला. मी तो टाकायला उचलला आणि वास नाकात शिरला. कित्येक दिवस खोलीत येणारा तोच वास. आम्ही तो औषधांचा, आजारपणाचा, बंद खिडक्यांचा समजत होतो. खिडक्या उघडत होतो, फिनेल टाकत होतो, उदबत्त्या लावत होतो.

"यांचं तोंड रोज कोण पुसतं?" सिस्टरांनी विचारलं. कोणीच उत्तर दिलं नाही.

त्या दिवसापासून रोज दोन वेळा आजीची जीभ पुसायला लागलो. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी आजी म्हणाली, "आमटीत मीठ जास्त झालंय गं." त्याआधी कितीतरी आठवडे तिने जेवणाबद्दल बरा-वाईट शब्द काढला नव्हता. पुढे येईल ते गिळत होती. तेव्हापासून जीभ या अवयवाबद्दल मिळेल ते वाचत गेले, दंतवैद्यांना विचारत गेले. दात घासणं आपल्याला शाळेत शिकवतात. जीभ घासणं घरातल्या मोठ्यांचं बघून आपण उचलतो, आणि बहुतेक जण ती नेमकी चुकीच्या जागी घासतात.

आरशासमोर उजेडात उभं राहून जीभ पूर्ण बाहेर काढा. ती गुळगुळीत नसते, मखमलीसारखी लव असते तिच्यावर. ही लव म्हणजे हजारो बारीक, टोकदार अंकुर. मांजराने हात चाटला की कानशीसारखं जे लागतं ते हेच, फक्त मांजरात ते मोठे आणि आकड्यासारखे वळलेले असतात. या अंकुरांना चव कळत नाही, त्यांच्यात रुचिकलिकाच नसतात. घास धरायला, तोंडात फिरवायला लागणारा खरखरीतपणा ते देतात. त्यांच्या टोकांवर केराटिन असतं, ज्याची आपली नखं आणि केस बनतात तेच. नखांसारखेच ते सतत वाढतात आणि झिजतात. भाकरी, काकडी, चणे चावणाऱ्या माणसाची जीभ जेवता जेवताच घासली जाते. पेजेवर किंवा मऊ भातावर असलेल्या आजारी माणसाची घासली जात नाही, अंकुर लांब वाढतात आणि त्यांच्या जंगलात वाटेल ते अडकून राहतं. आजीचं नेमकं हेच झालं होतं.

या लवेमधून शेंड्याकडे आणि कडांना लाल ठिपके दिसतात. ते छत्रीसारखे अंकुर, त्यांच्यात रुचिकलिका असतात. अगदी मागे, घशाच्या तोंडाशी, आठ ते बारा मोठे गोल उंचवटे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात रांगेने बसलेले असतात. अनेकांना ते आयुष्यात पहिल्यांदा कधीतरी आरशात दिसतात आणि कॅन्सरच्या भीतीने रात्रभर झोप लागत नाही. ते उंचवटे प्रत्येकाच्या जिभेवर असतात, जन्मापासून असतात.

या रांगेच्या अलीकडचा, म्हणजे जिभेचा मागचा भाग हा या लेखाचा खरा विषय. कोकणातल्या घराला पुढे अंगण असतं आणि मागे परसदार. अंगण येता-जाता झाडलं जातं, सारवलं जातं. परसदारी कोण बघतंय? जिभेचंही तसंच आहे. बोलताना, चावताना, गिळताना जिभेचा पुढचा भाग टाळूवर सतत घासला जातो आणि लाळेने धुतला जातो. मागचा भाग टाळूला तेवढा लागत नाही. शिवाय सर्दी असेल तर नाकाच्या मागून उतरणारा शेंबूड थेंबथेंब तिथेच पडतो. गळून पडलेल्या पेशी, लाळेतली प्रथिनं, अन्नाचे कण, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि या सगळ्यावर पोसले जाणारे जिवाणू मिळून जो थर तयार होतो, तो मागे सगळ्यात जाड असतो.

या थराची विलक्षण छायाचित्रं २०२० साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या फॉर्साइथ इन्स्टिट्यूट आणि वुड्स होल इथल्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी २१ निरोगी माणसांना प्लास्टिकच्या टंग क्लीनरने जीभ खरवडायला सांगितली. आपण बेसिनमध्ये धुऊन टाकतो तोच मळ त्यांनी जपून घेतला, प्रत्येक प्रकारच्या जिवाणूला वेगळ्या रंगाने चमकवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. विस्कटलेला कचरा दिसेल असं वाटावं, तर दिसल्या वस्त्या. मध्ये जिभेच्या पेशीचा गाभा आणि त्याच्याभोवती एकेका जातीच्या जिवाणूंचे पट्टे. ॲक्टिनोमायसिस गाभ्याला बिलगून, स्ट्रेप्टोकॉकस बहुधा बाहेरच्या कडेला पातळ पापुद्र्यासारखा, रोथिया मधूनमधून ठळक ठिगळांसारखा. एखाद्या जुन्या गावात आळ्या ठरलेल्या असाव्यात तसं. मी ती चित्रं खूप वेळ बघत बसले होते.

वस्ती दाट झाली की आतल्या थरांत हवा पोचत नाही. तिथे ऑक्सिजन न लागणारे जिवाणू माजतात, आणि वास तिथूनच सुरू होतो. हे जिवाणू प्रथिनांवर जगतात. सिस्टीन आणि मेथिओनिन या दोन ॲमिनो आम्लांमध्ये गंधक असतं. सिस्टीन मोडलं की हायड्रोजन सल्फाइड निघतो, त्याचा वास नासक्या अंड्याचा. मेथिओनिन मोडलं की मिथाइल मरकॅप्टन, त्याचा वास सडक्या कोबीचा. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम जो पदार्थ मिसळतात तो इथाइल मरकॅप्टन, याच मरकॅप्टनचा भाऊबंद. मोठ्या हॉलमध्ये जरासा गॅस गळला तरी आपल्याला कळतो, एवढं आपलं नाक या घराण्याच्या वासाला तिखट आहे. मग हातभर अंतरावर बोलणाऱ्या माणसाच्या तोंडातला का कळणार नाही? कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले जोसेफ टॉनझेटिच यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत हे वायू मोजून दाखवले, आणि तोंडाच्या वासामागे मुख्यतः गंधकाचे वायू असतात हे पक्कं झालं.

सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो, त्याचंही कारण यात आहे. दिवसभरात आपल्या तोंडात अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. झोपेत ती जवळजवळ थांबते. धुणारं पाणी बंद, तोंड उघडं टाकून घोरत असू तर उरलासुरला ओलावाही गेला, आणि सात-आठ तास जिवाणूंना मोकळं रान. एकादशीच्या दिवशी दुपारनंतर तोंडाला येणारा वास, रोज्याच्या दिवसातला वास, वर्गात सलग तास घेणाऱ्या शिक्षकांच्या तोंडाचा वास, हे सगळे कोरड्या तोंडाचे. उपासात तर चावणंही थांबलेलं असतं.

आपल्याकडे मात्र तोंडाला वास आला की पहिला संशय पोटावर जातो. "पोट साफ नाही, जीभ बघ कशी पांढरी झालीय" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आणि त्यापायी कितीतरी वेळा एरंडेल प्यायले. अन्ननलिका काही उघडी चिमणी नव्हे. तिच्या खालच्या टोकाला स्नायूचं कडं असतं आणि एरवी ते मिटलेलं असतं. ढेकर आली तर तेवढ्यापुरतं उघडतं. बेल्जियममधल्या ल्युव्हेन इथे तोंडाच्या वासासाठी वेगळा दवाखाना आहे. तिथे आलेल्या २,००० रुग्णांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ७६ टक्के लोकांच्या वासाचं कारण तोंडातच होतं. ४३ टक्क्यांमध्ये जिभेवरचा थर, ११ टक्क्यांमध्ये हिरड्यांचा आजार आणि १८ टक्क्यांमध्ये दोन्ही. तोंडाबाहेरच्या कारणांचा वाटा फार थोडा निघाला. आणि जवळपास १६ टक्के लोक असे होते, की त्यांच्या तोंडाला वास येतच नव्हता. तो येतो या समजुतीने ते कुढत होते. हा शेवटचा आकडा मला फार लागला. तोंडावर हात धरून बोलणारी, लग्नकार्यात मागे मागे राहणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात. त्यातल्या काहींना खरं तर काहीच झालेलं नसतं.

स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, नाक त्याला सरावतं. मनगट चाटून वाळल्यावर हुंगायची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते, पण मनगटाला लागतो तो जिभेचा शेंडा, म्हणजे झाडलेलं अंगण. त्यापेक्षा चहाचा चमचा उलटा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हळूच पुढे ओढा, पाच-दहा सेकंद थांबा आणि हुंगा. किंवा सरळ घरातल्या विश्वासाच्या माणसाला विचारा. एवढं विचारता येईल असं एक तरी माणूस प्रत्येकाला असावं.

लसूण-कांद्याचा वास मात्र यात धरू नका. लसणातलं एक गंधकयुक्त द्रव्य आतड्यातून रक्तात जातं आणि तिथून फुप्फुसात येऊन श्वासावाटे बाहेर पडतं. त्याला जीभ कितीही घासली तरी उपाय नाही. ते ओसरायला काही तास द्यावेच लागतात.

पोटाबद्दल मी एवढं म्हणाले म्हणून वैद्यांनी जीभ बघणं चुकीचं, असा अर्थ कोणी काढू नये. आयुर्वेदाच्या अष्टविध परीक्षेत नाडीबरोबर जीभही येते. ताप, शरीरातलं पाणी कमी होणं, जेवण तुटणं, या सगळ्याची खूण जिभेवर खरोखर उमटते. वैद्य खरंच काही तरी वाचत होते. फक्त तो थर म्हणजे रात्रीतून पोटातून वर चढून आलेलं विष, असं जे हल्ली सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. तो जिभेवरच तयार होतो.

जुन्या ग्रंथांत तर हे बारकाईने सांगितलेलं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात दिनचर्या येते. त्यात जीभ खरवडायचं साधन सोनं, रुपं, तांबं, कथील किंवा पितळ यांचं करावं असं सांगितलं आहे. त्याला धार नसावी आणि ते सरळ नसावं, वाकवलेलं असावं. पुढे जो मळ काढायचा त्याची जागा सांगितली आहे ती जिभेच्या मुळाशी. तिथला मळ श्वासाला अडथळा करतो आणि दुर्गंधी आणतो. जिवाणू हा शब्दही नव्हता त्या काळात कोणीतरी इतक्या नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. सुश्रुतसंहिता सोन्या-रुप्याबरोबर लाकडाचंही साधन चालेल म्हणते, ते मऊ आणि गुळगुळीत हवं आणि दहा अंगुळं लांब हवं. दहा अंगुळं म्हणजे साधारण वीतभर. मुळापर्यंत पोचायचं तर तेवढी लांबी हवीच.

लाकडाचं साधन माझ्या आजोबांच्या हातात मी रोज बघितलं आहे. कडुनिंबाची ताजी काडी, करंगळीएवढी जाड. एक टोक चावून चावून त्याची कुंची करायची आणि दात घासायचे. मग ती काडी दुसऱ्या टोकापासून उभी चिरायची, बोटांनी दोन फाका वेगळ्या करायच्या, एक फाक धनुष्यासारखी वाकवायची आणि आतल्या गुळगुळीत बाजूने जीभ ओढायची. दोन ओढी, एक चूळ. पुन्हा दोन ओढी. काडी परसात फेकून द्यायची, उद्या नवी. बाभळीची, करंजाचीही चाले. धुवायचं, वाळवायचं, ठेवायचं काही नाही. माझ्या वडिलांपर्यंत काडीची जागा तांब्याच्या पट्टीने घेतली आणि माझ्यापर्यंत स्टीलच्या. युरोपातही अठराव्या-एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांच्या प्रसाधनाच्या पेटीत चांदीची जीभ घासायची पट्टी असे. पुढे तिथे ती मागे पडली.

आता तांबं चांगलं की स्टील? तांब्याच्या संपर्कात जिवाणू मरतात हे खरं आहे, पण त्याला वेळ लागतो. रात्रभर तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. जिभेवरून पट्टी ओढली जाते ती दोन सेकंद. तेवढ्यात धातूने काही साधत नाही, साधतं ते खरवडण्याने. तांब्याची पट्टी ओली ठेवली तर हिरवट थर धरते, ती चिंचेने किंवा लिंबाने घासावी लागते. ज्याला हे आवडीने करता येतं त्याने जरूर तांबं वापरावं. बाकीच्यांना स्टील उत्तम, उकळत्या पाण्यात टाकता येतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. कडा मात्र हाताला लावून बघा. स्वस्त पट्टीच्या कडेला कधी कधी कापल्याचा कंगोरा राहून गेलेला असतो, तो बोटाला टोचला तर जिभेलाही टोचणार.

जीभ घासल्याने किती फरक पडतो, याचं उत्तर मोठं करून सांगायची सवय जाहिरातींना आहे. कोक्रेन या संस्थेने २००६ साली उपलब्ध अभ्यास चाळले, तेव्हा त्यांच्या कसोटीला उतरणारे दोनच सापडले, दोन्हीत मिळून ४० माणसं. त्यातल्या एका अभ्यासात गंधकाचे वायू टंग क्लीनरने ४२ टक्के, साध्या खरवडणीने ४० टक्के आणि टूथब्रशने जीभ घासली तर ३३ टक्के कमी झाले. आणि हा फरक अर्ध्या तासाहून जास्त टिकलेला दिसला नाही. एवढ्याशा अभ्यासावरून कोणी शपथ घेऊ नये. मला त्यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पट्टी नसेल तर ब्रशनेही काम होतं, जरासं कमी. आणि एकदा घासली की दिवसभराची हमी, असं नसतं. थर पुन्हा बसतो, म्हणून रोज घासायची. हिरड्या सुजलेल्या असतील, दातांत कीड असेल, तर तिकडून वास येत राहणार. पट्टी त्या कामाची नाही.

मग सगळे जिवाणू मारूनच टाकले तर? तीव्र माउथवॉशने दिवसातून दोनदा गुळण्या करणारी माणसं हाच विचार करतात. जिभेच्या त्या वस्तीत आपल्या कामाचे रहिवासीही आहेत. पालक, बीट, माठ यांच्यात नायट्रेट असतं. ते पोटातून रक्तात जातं, रक्तातून पुन्हा लाळेत येतं आणि जिभेवरचे काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. मघाच्या चित्रातला रोथिया त्यांतलाच. ते गिळलं की शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब ताब्यात राहतो. नायट्रेटचं नायट्राइट करण्याचं हे पहिलं काम आपलं शरीर स्वतः करू शकत नाही, त्यासाठी जिभेवरच्या भाडेकरूंवर अवलंबून असतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका प्रयोगात १९ निरोगी माणसांनी आठवडाभर क्लोरहेक्झिडिनच्या माउथवॉशने गुळण्या केल्या. त्यांचा रक्तदाब दोन ते साडेतीन अंकांनी वर गेला. हिरड्यांच्या आजारात दंतवैद्य हेच औषध काही दिवसांपुरतं देतात आणि तेव्हा ते घ्यायलाच हवं. रोजची सवय म्हणून मात्र नको. खरवडण्याने जुना जाड थर निघतो, वस्ती उठत नाही. म्हणूनच ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आता हाताची गोष्ट. दात घासून झाले, चूळ भरली, की जीभ सुखाने जाईल तेवढी बाहेर काढा. पट्टी जितकी मागे नेता येते तितकी न्या, हलकी टेकवा आणि पुढे ओढा. नळाखाली धुवा. पुन्हा. तीन-चार ओढींत पट्टीवर काही येईनासं होतं, तिथे थांबायचं. रक्त आलं, आग झाली तर जोर जास्त झाला. पुढे-मागे रगडायची नाही, ओढ एकाच दिशेने, बाहेरच्या. मुळापर्यंत जायचं म्हटलं की उमासा येतो, म्हणून बहुतेक जण अंगण झाडून परत फिरतात. श्वास सोडता सोडता पट्टी ओढली तर उमासा कमी येतो. रोज गव्हाच्या दाण्याएवढं मागे सरकत गेलं की पंधरा दिवसांत जिभेला सवय होते.

आणि उलट्या काढल्यासारखं ओकत, दोन बोटं घशात घालत जीभ घासायची जी आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडाच. पहाटे वाड्यात नाहीतर चाळीत एकेका मोरीतून येणारा तो खाकरण्याचा आवाज म्हणजे स्वच्छतेची पावती असं मानणारी एक पिढी होती. ओकण्याने जिभेचा थर निघत नाही. घशाला त्रास होतो आणि पोटातलं आम्ल वर येऊन दातांना लागतं.

चवीचं काय? खरवडल्याने रुचिकलिका झिजतात अशी भीती पुष्कळांना असते. त्या अंकुरांच्या आत सुरक्षित बसलेल्या असतात आणि त्यांच्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या होतात. उलट थर जाड असेल तर पदार्थच त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. आजीच्या आमटीतलं मीठ मला त्यामुळेच पटलं.

घरात झोपून असलेलं माणूस असेल, तर त्याचं तोंड पुसणं केवळ वासासाठी नसतं. अशा माणसांना गिळताना ठसका लागतो, लाळेबरोबर जिवाणू श्वासनलिकेत उतरतात आणि निमोनिया होतो. जपानमधल्या ११ शुश्रूषागृहांत ४१७ वृद्धांवर दोन वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास आहे. ज्यांच्या तोंडाची रोज निगा राखली त्यांच्यात ११ टक्क्यांना निमोनिया झाला, बाकीच्यांत १९ टक्क्यांना. दात नसलेल्यांनाही ही निगा उपयोगी पडली. मऊ ब्रश किंवा ओला पिळलेला गॉज, डोकं थोडं उंच आणि एका कुशीला, पाणी घशात जाणार नाही याची काळजी, आणि मग शेवटी ओठांना तूप. पाच मिनिटांचं काम आहे. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

दम्याचा पंप ओढणाऱ्यांनी दर वेळी चूळ भरून थुंकायची. पंपात स्टेरॉइड असेल तर त्यामुळे तोंडात बुरशी धरते आणि जीभ दह्याचे कण सांडल्यासारखी पांढरी होते. मधुमेह ताब्यात नसेल तरी हे होतं. ते खरवडून निस्तरायला जाऊ नका, त्यावर औषध आहे. तान्ह्या बाळाची जीभ दुधाने पांढरी होते ती ओल्या मऊ फडक्याने पुसली जाते. पुसली जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. जीभ लाल, गुळगुळीत, लव गेल्यासारखी दिसत असेल आणि तिखट झोंबत असेल, तर लोह किंवा बी-१२ कमी असू शकतं. रक्त तपासलं पाहिजे.

आणि मशेरी. दात स्वच्छ व्हावेत म्हणून तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड आजही आपल्या खेड्यापाड्यांत हजारो बाया दिवसातून तीन-चार वेळा हिरड्यांना लावतात. माझ्या घरातही लावत होत्या. तोंड स्वच्छ करायच्या नावाखाली कॅन्सरला दिलेलं हे आमंत्रण आहे, याहून सौम्य शब्दात मला ते सांगता येत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. मशेरी मात्र घरच्या तव्यावरच भाजली जाते. भारतातल्या पुरुषांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे आणि बायकाही त्यातून सुटलेल्या नाहीत. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, तीन बोटं उभी आत जात नाहीत, तिखट सोसेनासं झालंय, असं सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्या माणसाने सांगितलं तर त्याला त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्या.

जीभ घासताना रोज आरशात बघण्याचा एक फायदा असा की नेहमीची जीभ ओळखीची होते. मग एखादा पांढरा किंवा लाल चट्टा वेगळा दिसतो. खरवडून निघतो तो मळ. खरवडूनही जागचा हलत नाही असा चट्टा, किंवा जिभेच्या कडेची एखादी जखम, दुखत नसली तरी, दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर पट्टी बाजूला ठेवायची आणि तोंड डॉक्टरांना दाखवायचं. कडा बघायला मात्र विसरू नका. ओल्या रुमालात शेंडा धरून जीभ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढली की त्या दिसतात.